उडता ळ

आमच्या दारावरची बेल वाजली की मी आधी जाळीतून विचारून घेते, "आमच्याकडे आलात, की टाइपरायटर बघायला?" असं विचारणं बरं दिसत नाही, असं माझी मुलगी म्हणते. न दिसो. टाइपरायटर बघायला आलेल्या माणसाला चहा मी का करायचा, हे तिने मला एकदा पटवून द्यावं. अर्थात चहा मी करतेच, आणि ह्यांचं मशीनपुराण संपेपर्यंत तो गार होतो म्हणून पुन्हा गरमही करून देते. पण विचारून घेते.

हे म्हणजे श्रीनिवासराव, माझे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि लगेचच्या रविवारी जुन्या बाजारात जाऊन रिक्षातून एक टाइपरायटर घेऊन आले. लोक निवृत्त झाले की पर्वती चढतात, भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन दुसऱ्यांना छळतात. ह्यांनी भंगार आणलं. मी म्हटलं, होतं एकेकाला, उतरेल ताप. तो चढतच गेला. सहकारनगरातला आमचा फ्लॅट म्हणजे काही राजवाडा नाही. मागच्या खोलीत आता माणूस तिरका होऊन शिरतो. कपाटावर टाइपरायटर, पलंगाखाली टाइपरायटर, खिडकीत टाइपरायटर. मुलगी नाशिकहून आली की जावईबापूंची गादी त्यांच्याच मधे पडते. एकदा दुपारी झोपेत त्यांनी पाय लांब केला तर कुठल्याशा मशीनची घंटी वाजली. बिचारे दार उघडायला धावले.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला काही धरबंध? प्रत्येक मशीनचा नखरा वेगळा आणि तो ह्यांना तोंडपाठ. एक उर्दू मशीन आहे, ते उलट्या दिशेने पळतं. एका जुन्या इंग्रजी मशीनला एकचा आकडाच नाही, बारीक एल मारून भागवायचं. एक आहे घडीचं. त्याचं वरचं अंग पुढे वाकवून बटणांवर निजवता येतं आणि मग ते डब्यात मावतं. त्याला हे 'बाळ' म्हणतात. पोटच्या मुलीला कधी लाडाने हाक मारली नाही ह्या माणसाने! घासायला माझे जुने टूथब्रश, पुसायला माझी जुनी सुती पातळं. शिवणयंत्राचं तेल तर मी कुलपात ठेवते. खंडेनवमीला सगळ्यांची पूजा असते. पहिल्या वर्षी मी भक्तिभावाने एकेकाला हळदकुंकू वाहिलं, तर हे किंचाळलेच, "अगं, कुंकू अक्षरांत गेलं!" पुढे कितीतरी दिवस एका मशीनवर 'म' गुलाबी उमटायचा. आता झेंडूचं फूल, तेही दुरून.

आणि येणाऱ्यांची गंमत सांगू? पाहुणा लहान असो नाहीतर डॉक्टर असो, मशीनसमोर बसवला की आधी स्वतःचं नाव टाइप करून बघतो. नाव उमटलं की असा खूश होतो, जसं काही आजच बारसं झालंय. मग कागद घडी करून खिशात. माझे कागद असे किती गेले असतील!

जुन्या बाजारात ह्यांची एक पद्धत आहे. जे मशीन हवंय त्याच्याकडे बघायचंच नाही. आधी मिक्सरच्या भांड्याचा भाव विचारायचा, मग पंख्याचा, मग वैतागून निघाल्यासारखं करायचं आणि जाता जाता म्हणायचं, "आणि हे काय पडलंय?" विक्रेते काय दूधखुळे आहेत? हे लांबून दिसले की ओरडतात, "या, कळविण्यात काका!" हे नाव पडायचं कारण असं, की मशीन मराठी असलं तर हे खाली उकिडवे बसून, कोंबडी दाणे टिपते तसं दोन बोटांनी एकच वाक्य टाइप करतात: 'आपणांस कळविण्यात येते की'. मग चष्मा वर करून त्यातला 'ळ' तेवढा बघतात. बघून झालं की म्हणतात, "हे नाही." तरी विकत घेतात ते घेतातच. रिकाम्या हाताने परत यायचं म्हणजे काय!

मी मात्र निवृत्त झाल्यापासून एकाही टाइपरायटरला बोट लावलेलं नव्हतं. आयुष्यभर तेच बडवलं. आचारी घरी येऊन पुन्हा बुंदी पाडतो का? ह्यांनी सुरुवातीला खूप मनधरणी केली, "एकदा मारून तरी बघ." मी म्हटलं, धूळ पुसेन, त्यापुढे अपेक्षा ठेवू नका.

आता तो 'ळ' काय आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणसाला वेड लागलंय.

आम्ही दोघं कॅम्पातल्या एका सरकारी ऑफिसात होतो. मी मराठी टंकलेखक, हे भांडार विभागात, म्हणजे टाचण्या, शाई, कागद द्यायच्या टेबलावर. माझं लग्न व्हायचं होतं, नोकरी अजून कायम व्हायची होती. मला दिलेलं मशीन हिरवं, लांब कॅरेजचं, मोठे तक्ते टाइप करायचं. त्याच्यावर माझा हात बसला होता, वेग होता, चुका जवळजवळ नाहीत. पण 'ळ' उडायचा. 'ळ' शिफ्टमधला, म्हणजे एका हाताने शिफ्टची की दाबून धरून दुसऱ्या हाताने मारायचा. शिफ्टमधली बाकीची अक्षरंही थोडी हलायची, पण सरकारी पत्राची सुरुवात होते 'कळविण्यात येते की' आणि शेवट होतो 'कळावे' ह्याने. त्यामुळे 'ळ'चा बोभाटा जास्त. आजूबाजूची अक्षरं रांगेत उभी आणि हा एकटा ओळ सोडून वर. ऑफिसातले लोक माझा कागद लांबून ओळखायचे.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा स्वतः बडवून बघितलं आणि म्हणाला, शिफ्ट ठणठणीत आहे. आम्ही म्हटलं, कामचुकार मेला.

साहेबांना मात्र तो 'ळ' डोळ्यांत खुपायला लागला होता. एक दिवस पत्र हातात घेऊन केबिनच्या बाहेर आले आणि सगळ्या हॉलसमोर म्हणाले, "बाई, सगळ्या राज्याला 'ळ' येतो, तुम्हाला येत नाही. वर मशीनला नावं. नाचता येईना अंगण वाकडं! वर्षअखेरच्या शेऱ्यात लिहू का हे?" तो शेरा म्हणजे माझी नोकरी. वडील नव्हते मला, घर माझ्या पगारावर होतं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, दोष मशीनचा आहे. बाईंचा नाही. मी लिहून देतो."

बघते तर भांडारातले हे. ज्या माणसाचा आवाज कसा आहे हेसुद्धा ऑफिसला माहीत नव्हतं, तो माणूस उभा राहून साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. साहेब म्हणाले, "तुम्हाला काय कळतं टाइपिंगमधलं?" हे म्हणाले, "टाइपिंगमधलं नाही कळत. बाईंचं काम कळतं." बस्स. साहेबांनी माझा शेरा कोरा सोडला आणि ह्यांची बदली केली जुन्नरला. बढती मागे पडली ती पडलीच, ह्यांच्याहून धाकटे लोक पुढे सरकले. जायच्या आधी ह्यांनी आपल्या मावशीला आमच्या घरी पाठवलं. मी हो म्हणायला चहा उकळायचीसुद्धा वाट बघितली नाही.

त्या एका भांडणाच्या जोरावर हा माणूस जगलाय म्हटलं तरी चालेल. त्यानंतर कोणाशी म्हणून भांडले नाहीत. दूधवाला कात्रजच्या पिशवीऐवजी दुसरीच टाकून गेला तरी मुकाट्याने तीच तापवतात. पण तो प्रसंग कोणीही काढला की ताठ होतात. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, सगळी मशीनं लिलावात गेली, त्यात माझं हिरवंही गेलं. तेव्हाच ह्यांच्या मनाने घेतलं होतं, ते मशीन शोधायचं. त्या मशीनवर स्वतःच्या हाताने तो 'ळ' उडवून बघायचा. मी म्हणायचे, "साहेब जाऊन किती वर्षं झाली! आता दाखवणार कोणाला?" हे म्हणायचे, "कोणाला नाही. मला बघायचाय."

तर एक दिवस जयसिंगचा फोन आला. हा जयसिंग वाघोलीचा. रस्त्याकडेच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि पोरगा बिल्डर झाला. ह्यांची आणि त्याची ओळख जुन्या बाजारात एकाच मशीनवरून भांडताना झाली, म्हणजे तो भांडला, ह्यांनी सोडून दिलं. तेव्हापासून ह्यांना काका म्हणतो. जीव लावणारा पोरगा, पण जुनं काही दिसलं की त्याचा हात थांबत नाही. त्याने स्वतःच्याच इमारतीत तळमजल्याला एक हॉल जुन्या वस्तूंसाठी ठेवला होता आणि त्याला नाव द्यायचं होतं आईचं, तुळजाबाईंचं.

"काका, गावलं बघा!" फोनवर तो एवढ्या मोठ्यानं बोलतो की मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. "हिरवं हाय, लांब कॅरेजचं. पाठीवर तुमच्या हापिसाचं नाव रंगवल्यालं हाय."

हे खुर्चीतून उठून उभे राहिले. "तशी चार-पाच होती रे ऑफिसात. 'ळ' बघायला पाहिजे."

"मग या की बघायला. आन् आपलंच निघालं तर पैसं नगं मला. तुमच्याकडची समदी मशीनं द्या हॉलला. आईच्या नावानं ठेवतो, तुमचं बी नाव लावतो. काय म्हणताय?"

मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. मला वाटलं हे विचार करतो म्हणतील, निदान एक दिवस मागतील. हे म्हणाले, "दिली."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर आधी काय आलं असेल तर रिकामी मागची खोली. तिथे दिवाण, खिडकीला पडदा, नातवंडांना पसरायला जागा. किती वर्षं मी ह्या खोलीसाठी तोंड वाजवत होते! पण दुपारी चहाला हाक मारायला गेले तर हे खाली बसून एकेक मशीन पुसत होते. उर्दूवालं पुसलं, एकचा आकडा नसलेलं पुसलं. मग 'बाळ' डब्यातून काढलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडलं. मी आलेलं कळलंसुद्धा नाही. मला कसंतरीच झालं.

मी म्हटलं, "अहो, एका मशीनपायी सगळी?"

"ही सगळी त्याला शोधता शोधताच आली ना गं," हे म्हणाले. "तो 'ळ' एकदा माझ्या हातून उडाला की मी सुटलो."

वाघोलीला पोचेपर्यंत नगर रोडच्या गर्दीने आमचा जीव अर्धा झाला. जयसिंगने हॉल मात्र झकास केला होता. रेडिओ, पितळी पंखे, गॅसबत्त्या, आणि एका भिंतीला ओळीने त्याची स्वतःची मशीनं, सगळी तेलपाणी करून लखलखीत. मधोमध टेबलावर ते हिरवं. मी जवळ जाऊन बघितलं. तसंच होतं, अगदी तसंच. पण तशीच ती चार-पाच होती हेही खरं.

हे बसले. कागद सरळ लावायलाच वेळ घेतला. दोन बोटांनी, ओठ घट्ट मिटून, 'आपणांस कळविण्यात येते की'. चष्मा वर केला.

'ळ' सरळ. रांगेत, बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा.

ह्यांनी कागद वर सरकवला. पुन्हा मारलं. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा नुसते 'ळ'च मारत गेले, ळळळळ, अख्खी ओळ. एकही हलला नाही. ह्यांचा चेहरा मला बघवेना. जयसिंगसुद्धा हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. दुसरं गावंल."

मला काय झालं कोण जाणे, मी चिडलेच. "सरका तिकडे," मी म्हटलं. "दोन बोटांनी काय मशीन कळतं? उठा!" आणि बसले. एवढ्या वर्षांनी बसले. बोटं कुठे ठेवायची हे मला आठवावं लागलं नाही, ती आपली आपण जाऊन बसली. खाडखाड खाडखाड, आपणांस कळविण्यात येते की, दणक्यात ओळ मारली आणि कॅरेज ढकललं.

'ळ' उडाला होता.

"उडाला!" हे ओरडले. "अगं उडाला! हेच ते! जयसिंग, बघ, हेच ते!" आणि ह्या माणसाने, जो लग्नाच्या वरातीतसुद्धा जागचा हलला नव्हता, जयसिंगला मिठी मारली. "वेग पाहिजे त्याला, वेग! वेगात शिफ्ट सुटते, म्हणून त्या मेकॅनिकला कळलं नाही. मी सांगत होतो की नाही? मशीनच! बाईंचा दोष नाही!"

मला 'बाई' म्हणाले. चाळीस वर्षं संसार केला, आणि त्या क्षणी हे पुन्हा भांडारातल्या टेबलापाशी उभे होते. मलाही भरून आलं. साहेबांचा तो शब्द मीही इतकी वर्षं घशात धरून होते. म्हटलं, फिटलं एकदाचं.

जयसिंग लगेच टेम्पोवाल्याला फोन लावायला निघाला. जाता जाता म्हणाला, "काकू, काय हात हाय तुमचा! आईचं नाव टाइप करून द्या की. फ्रेम करून पाटीखाली लावतो. ह्या करड्या मशीनवर मारा, रिबिन नवी हाय." मग ते दोघे दाराशी गेले, टेम्पो कुठून आत घ्यायचा ते बघायला.

मी करड्या मशीनवर बसले आणि मोठ्या हौसेने टाइप केलं, 'श्रीमती तुळजाबाई'. बघते तर 'ळ' वर.

म्हटलं, हेही सैल असेल. शेजारच्यावर बसले. तुळजाबाई. वर. त्याच्या शेजारच्यावर. तुळजाबाई. वर. मी पुन्हा एकदा, अगदी सावकाश, एकेक बोट बघत 'ळ' मारला. डाव्या हाताने 'ळ'ची की, उजव्या करंगळीने शिफ्ट. आणि मला दिसलं. माझी करंगळी शिफ्टवर टेकत होती, दाबत नव्हती. अर्ध्यावर जाऊन थांबत होती. शिफ्ट पूर्ण खाली गेली नाही तर अक्षर वरच उमटणार, हे टाइपिंगच्या क्लासात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला वाटायचं ते नव्या मुलींना सांगतात. म्हणजे अंगण सरळच होतं हो! जन्मभर सरळ होतं.

दाराशी ह्यांचं हसणं ऐकू येत होतं. जयसिंगला तो प्रसंग पहिल्यापासून सांगत होते, साहेबांचा आवाज काढून.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? ह्यांना ह्यांचं मशीन, मला माझी खोली, जयसिंगला त्याचा हॉल. ते कागद पर्समध्ये कोंबायचे की झालं. मी कोंबलेही. आणि बोलले असते तर? आयुष्यात एकदा भांडलेला माणूस, आणि तेही चुकीच्या बाजूने भांडला, हे त्याच्या बायकोने त्याला सांगायचं? त्यापायी जुन्नर, त्यापायी बढती. पण मला घरचा तो 'बाळ'चा डबा दिसत होता, उलगडायचं आणि घडी घालायचं. आमचंच आहे याची आता काही खूण न उरलेल्या मशीनपायी हा माणूस सगळं उधळून मोकळा होणार, आणि मी त्या रिकाम्या खोलीत दिवाणावर बसून काय करणार होते? ते हिरवं तिथे ठेवून रोज त्याच्याकडे बघायचं? नाही जमणार. मला खोटं पचत नाही, ॲसिडिटी होते.

"अहो," मी हाक मारली. "इकडे या जरा."

पर्समधून कागद काढले आणि टेबलावर मांडले. कुठला कुठल्या मशीनवरचा ते सांगितलं. हे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा मार." मी त्यांच्यासमोर पुन्हा मारला. वर. "आता करंगळी जोर लावून दाब." दाबली. सरळ. ह्यांनी माझा हात हातात घेतला, करंगळी इकडून तिकडून वाकवून बघितली, एखाद्या मशीनची दांडी बघावी तशी. चेहऱ्यावर काही म्हणून दिसेना. मला वाटलं, ओरडावं तरी ह्या माणसाने!

"जयसिंग," हे म्हणाले, "टेम्पो नको. सौदा मोडला."

"आता काय झालं?" जयसिंग गोंधळला. मी सांगितलं. त्याने कागद बघितले, माझ्याकडे बघितलं आणि हसावं की रडावं हे त्याला कळेना. "बरं, मग हे हिरवं तसंच न्या काका. भेट समजा माझी."

"नको. ते आमचं नाही," एवढंच म्हणून हे चपला घालायला लागले. मी जयसिंगला म्हटलं, आण तो कागद, आईचं नाव नीट टाइप करून देते. तर त्याने तो 'श्रीमती तुळजाबाई'चा कागद छातीशी धरला. "हेच ऱ्हाऊ द्या काकू. आई बी कधी रांगेत उभी ऱ्हायली न्हाई."

बसमध्ये बसायला जागा मिळाली, तेवढं एक बरं झालं. हे खिडकीशी. चंदननगर गेलं तरी अक्षर नाही. रामवाडी गेली. ह्यांचा अबोला मी कधी बघितलेला नाही, कारण मशीनं सोडली तर मुळात बोलतातच कमी, पण हा वेगळा होता. मी आपली पदर चाळवत बसले. शेवटी राहवेना.

"साहेबांचं बरोबर होतं," मी म्हटलं.

"होतं," हे म्हणाले.

"तो मेकॅनिकही खरं सांगत होता."

"होय."

माझा धीरच सुटला. "माझ्या एका बोटापायी हो! जुन्नरची धूळ खाल्लीत, बढती गेली, पोरंसोरं तुमच्या पुढे गेली. आणि चूक माझीच. उगाच भांडलात तुम्ही त्या दिवशी. उगाच!"

हे माझ्याकडे वळले. अगदी खरोखरचं आश्चर्य वाटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"उगाच कसं?" हे म्हणाले. "मी काय त्या मशीनसाठी भांडलो होतो?"

आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मी भर बसमध्ये, कंडक्टर समोर तिकिटाला हात पुढे करून उभा असताना, ढसाढसा रडले.